‘वेळ आहे तीन…’

श्रोते हो, नमस्कार.

शालेय क्रीडास्पर्धांमध्ये गेली तीस वर्षं मी माइकवर बसत आलो आहे. मांडवाच्या कडेला एक टेबल, पाण्याचा तांब्या, पंचांकडून येणाऱ्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला दगड, आणि समोर कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला कर्णा. धावणाऱ्यांची नावं दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, त्यांच्या सरांना शाल-श्रीफळ मिळतं. चिठ्ठी वाचणारा कोण होता, हे कुणी विचारत नाही आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते. पण हेच काम करणाऱ्या एका माणसावर माझा फार जीव आहे. ते आपल्या देशातले नव्हते, मी त्यांना कधी पाहिलंही नाही. त्यांचं नाव नॉरिस मॅक्‌व्हर्टर. आज त्यांची आठवण काढायची आहे.

६ मे १९५४, गुरुवार. इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड, इफ्ली रोडचं मैदान. विद्यापीठाचा संघ आणि हौशी अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा संघ यांच्यातला सामना. प्रेक्षक तीन हजारांच्या आसपास. धावपट्टी कोळशाच्या राखेची, आणि दिवसभर वारा. त्या दिवशी सकाळी रॉजर बॅनिस्टर नावाचा २५ वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात गेला, तिथल्या धार लावायच्या चाकावर त्यानं बुटांचे खिळे घासले, राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट चोळलं आणि पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डची गाडी पकडली.

एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत धावायचं, हे त्याच्या मनात होतं. स्वीडनच्या गुंडर हेगनं १९४५ मध्ये लावलेला ४ मिनिटं १.४ सेकंदांचा विक्रम नऊ वर्षं कुणाला हलला नव्हता. चर्चच्या मनोऱ्यावरचा झेंडा फडफडत होता, तोवर बॅनिस्टरचं ठरत नव्हतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वारा कमी होऊन झेंडा जरा लोंबला आणि तो तयार झाला. पुढची शर्यत तुम्हाला ठाऊक असेल. आधी त्याचा सोबती ख्रिस ब्रॅशरनं पुढे धावून वेग दिला, मग ख्रिस चॅटवेनं, आणि शेवटच्या फेरीत बॅनिस्टर एकटा सुटला. फीत तोडून तो माणसांच्या हातांत कोसळला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यानंतरची काही मिनिटं सांगायची आहेत.

मैदानावर अजून कुणालाच नक्की काही माहीत नव्हतं. काहीतरी घडलंय हे दिसत होतं, पण किती? वेळाधिकाऱ्यांनी आपापली घड्याळं ताडून पाहिली, आकडा ठरला, आणि तो माइकपाशी उभ्या असलेल्या नॉरिस यांच्याकडे आला. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. ते आणि त्यांचा जुळा भाऊ रॉस दोघंही ऑक्सफर्डचे, दोघंही धावपटू, बॅनिस्टरचे मित्र. वडील वर्तमानपत्राचे संपादक. घरात पेपरांचे गठ्ठे येत आणि ही दोघं पोरं त्यातली कात्रणं जमवत. आकडा म्हणजे त्यांना घरातल्या माणसासारखा.

असा हा माणूस, हातात जगातला सगळ्यात ताजा आकडा. माझ्यासारख्यानं काय केलं असतं? माइक तोंडाशी नेऊन ओरडूनच टाकलं असतं. नॉरिस यांनी काय केलं, ते मी मराठीत सांगतो. मूळ इंग्रजी वाक्याचा क्रम मात्र हलवत नाही.

‘सभ्य स्त्री-पुरुषहो, स्पर्धा क्रमांक नऊ, एक मैल. निकाल असा. पहिला, क्रमांक एक्केचाळीस, आर. जी. बॅनिस्टर, हौशी अ‍ॅथलेटिक्स संघटना, पूर्वी ऑक्सफर्डच्या एक्झिटर आणि मर्टन महाविद्यालयांचा. त्याची वेळ हा या सामन्याचा आणि या धावपट्टीचा नवा विक्रम आहे. आणि मान्यता मिळाल्यास हा नवा विक्रम असेल इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांचा, ब्रिटनचा राष्ट्रीय, ब्रिटनच्या भूमीवर धावलेल्या कुणाचाही, युरोपचा, ब्रिटिश साम्राज्याचा, आणि जगाचा. वेळ आहे, तीन…’

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. ‘तीन’ हा शब्द कानावर पडला आणि तीन हजार माणसांच्या आरोळीत ‘मिनिटं, ५९.४ सेकंद’ बुडून गेलं.

या वाक्याची घडण पाहा. आधी सामना, मग धावपट्टी, मग देश, मग खंड, साम्राज्य, जग. एकेक पायरी चढत जायचं आणि शिखरावर फक्त एक आकडा ठेवायचा. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान असंच चढवत नेतात. श्रोत्याला पुढचं माहीत असतं, तरी त्याचा श्वास अडकतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती एक गोष्ट. या वाक्यात एकही विशेषण नाही. ‘ऐतिहासिक’ नाही, ‘अभूतपूर्व’ नाही. निकालपत्रकात जे लिहायचं, तेच आणि तेवढंच, फक्त क्रम राखून. आपल्या मित्रानं जग जिंकलं, आणि हा माणूस त्याची जुनी महाविद्यालयं अचूक सांगतोय!

आणि ते ‘मान्यता मिळाल्यास’. उत्साहाच्या भरात हे दोन शब्द कुणाच्या लक्षात राहतील? त्यामागे एक जुनी जखम होती. आदल्याच वर्षी, २७ जून १९५३ ला, मोट्सपर पार्कला बॅनिस्टर मैल ४ मिनिटं २ सेकंदांत धावला होता. त्या वेळी ब्रॅशर मुद्दाम एक फेरी मागे राहिला आणि शेवटी पुढे येऊन त्यानं वेग दिला. ही खरी शर्यत नव्हे म्हणून ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्स मंडळानं ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून मानली नाही. म्हणून या खेपेला सगळं खऱ्याखुऱ्या शर्यतीत व्हायला हवं होतं, आणि जाहीर करणाऱ्याच्या तोंडूनही एक शब्द जास्तीचा जायला नको होता. धावणाऱ्याची मेहनत कागदावर टिकवण्याची जबाबदारी आपलीही आहे, हे नॉरिस यांना पुरतं माहीत होतं.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते एका मुलीमुळे. तालुक्याच्या स्पर्धा होत्या, आठशे मीटर. एका वाडीवरची मुलगी अनवाणी धावून पहिली आली. मी घाईत होतो, पुढच्या शर्यतीची शेवटची हाक द्यायची राहिली होती. मी वेळ आधी सांगितली, मग चेस्ट नंबर सांगितला आणि नाव गिळलं. ती मुलगी दोरीपाशी उभी राहून कर्ण्याकडे बघत होती. शेजारी तिची आई, डोक्यावर पदर, तीही कर्ण्याकडेच बघत होती. तोवर मी पुढची नावं वाचायला लागलो होतो. रात्री जेवताना घास उतरेना. त्यानंतर काही वर्षांनी नॉरिस यांचं ते वाक्य वाचनात आलं आणि मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर क्रम लिहून ठेवला: स्पर्धा, स्थान, क्रमांक, नाव, गाव, आणि मगच वेळ. नाव पूर्ण वाचायचं, आणि वाचून झाल्यावर दोन श्वास थांबायचं, टाळ्यांसाठी. ती वही अजून माझ्याकडे आहे.

नॉरिस यांचं पुढचं आयुष्य मोठं झालं. त्या शर्यतीतला चॅटवे गिनेस कंपनीत नोकरीला होता. कंपनीला विक्रमांचं एक पुस्तक हवं होतं, त्यानं या जुळ्या भावांचं नाव सुचवलं, आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये गिनेसचं ते पहिलं पुस्तक निघालं. आज गावोगावची पोरं ‘गिनेसमध्ये नाव’ म्हणतात, त्याची एक मुळी इफ्ली रोडच्या राखेत आहे. पुढे नॉरिस बीबीसीवर अ‍ॅथलेटिक्सचं समालोचन करत. मुलांच्या कार्यक्रमात समोर बसलेली मुलं कुठलाही विक्रम विचारत आणि ते तोंडपाठ सांगत. १९७५ च्या नोव्हेंबरात रॉसला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी त्याच्या घराच्या दारातच गोळ्या घातल्या. पन्नास वर्षं सावलीसारखा सोबत असलेला भाऊ. त्यावर मी काय बोलणार?

२००४ च्या मे महिन्यात त्या शर्यतीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. १९ एप्रिलला नॉरिस घराजवळ टेनिस खेळले आणि हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. ७८ वर्षांचे होते. सतरा दिवसांनी इफ्ली रोडवर माणसं जमली, बॅनिस्टर आले, त्या दिवसाच्या आठवणी निघाल्या. मैदानावर पुन्हा एकदा मैलाची शर्यत झाली, आणि तिचा निकाल दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात जाहीर झाला.

नमस्कार.