रक्त घेण्याआधीचे चार प्रश्न

मित्रहो, मंडळाने मला दिलेला विषय ‘पीएसए चाचणी करावी की नाही’ असा आहे; पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा शोध घेण्यासाठी केली जाणारी ही रक्ततपासणी. त्याकडे मी येणारच आहे. परंतु आधी माझ्या थोरल्या भावाची हकीकत सांगू द्या, कारण पॅथॉलॉजीत आयुष्य घालवूनही या चाचणीचा आकडा घरात शिरला की काय होते, हे मला तेव्हाच कळले.

दादा धरमपेठेत राहतात. ६८व्या वर्षी, दिवाळीनंतर, त्यांना थंडी वाजून ताप आला आणि लघवीला जळजळ होऊ लागली. ताप उतरतो न उतरतो तोच, मुलाने आधीच पैसे भरून ठेवलेल्या तपासण्यांच्या पॅकेजसाठी एक तरुण घरी येऊन रक्त घेऊन गेला. रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला: पीएसए १८.४, ठळक अक्षरांत, आणि शेजारी मर्यादा ४ नॅनोग्रॅम. सकाळी दादांनी मला फोन केला आणि एवढेच विचारले, “बाळ, किती दिवस उरलेत ते खरं सांग.” मी पोहोचलो तेव्हा ते बँकेची पासबुके मांडून वहिनींना समजावत बसले होते.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचे प्रथिन आहे, कर्करोगाचे नव्हे. ग्रंथीला जंतुसंसर्ग झाला, ती वयोमानाने वाढली किंवा नुकतीच लघवीची नळी घातलेली असली, तरी ते रक्तात अधिक उतरते. प्रतिजैविके घेऊन आठ आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा दादांचा आकडा २.९ होता. मधले आठ आठवडे मात्र त्यांना कोणी परत देणार नाही. रक्त घेणाऱ्याने “लघवीला त्रास आहे का” एवढे विचारले असते, तर हे टळले असते, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

उलटी चूकही तितकीच घातक आहे. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड ही गोळी काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणते. म्हणजे ती घेणाऱ्याचा ३.२ हा आकडा ६.४ असा वाचायला हवा, पण रिपोर्टवर तो निर्धोक दिसतो.

वेळ संपत आला आहे, म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. अमेरिकेत या चाचणीला १९८६ साली मान्यता मिळाली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कर्करोग शोधण्यासाठी ती १९९४ साली मिळाली. ४ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात, ४ किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कर्करोग आढळला, तर ४ ते १० या पट्ट्यात तो साधारण चौघांपैकी एकालाच निघतो. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाने २३ वर्षांनंतर दाखवले की ४५६ पुरुषांना तपासणीचे निमंत्रण दिल्यास प्रोस्टेट कर्करोगाचा एक मृत्यू टळतो. फायदा खरा आहे. पण संथ कर्करोगावर अकारण शस्त्रक्रिया झाली, तर लघवीवरचा ताबा जाण्याची आणि लैंगिक दुर्बलतेची जोखीमही खरी आहे. म्हणून ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ठरवावे, वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असल्यास त्याआधीच बोलावे, आणि आकडा वाढलेला दिसला तर तो पुन्हा तपासून, शक्य तिथे एमआरआय करून, मगच बायोप्सीकडे वळावे.

नागपुरातल्या प्रत्येक प्रयोगशाळेने रक्त घेण्याआधी चार प्रश्न लिहून घ्यावेत, असा माझा आग्रह आहे: अलीकडे ताप, लघवीचा संसर्ग किंवा नळी? प्रोस्टेटची कोणती गोळी? घरात कोणाला हा कर्करोग? आधीचा आकडा किती? या प्रश्नांचे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. चाचणीला जाताना त्यातला एक भरून न्या, आणि गोळ्या चालू असतील तर त्यांचे पाकीटही बरोबर न्या.