मौलाना आलियर

[गंजलेलं चाक, अगदी जवळून. कॅमेरा हळूहळू मागे येतो, पूर्ण यंत्र दिसतं.]

हे चाक नीट बघा. याच्या कडेच्या बादल्यांनी माती खरवडत खरवडत दोनशेहून अधिक किलोमीटर जमीन खणली आहे. यंत्र पाच मजली उंच, वजन दोन हजार टनांच्या पुढे. जर्मनीत घडलं, पाकिस्तानात चश्मा-झेलम कालव्यावर राबलं, तिथलं काम संपल्यावर सुटं करून दक्षिण सुदानात नाईलकाठी, जोंगलेई कालवा खणायला आणलं गेलं. नाव सारा. आता गंज चढलाय, खाली गवत माजलंय.

हे यंत्र इथं यावं म्हणून ज्यांनी आपल्याच माणसांचा राग ओढवून घेतला, ते मूळचे न्यायाधीश. एबेल आलियर. सुदानमध्ये न्यायाधीशाला मौलाना म्हणतात, तो ख्रिस्ती असला तरी. त्यामुळे दिंका जमातीतले, ख्रिस्ती धर्माचे आलियर लोकांच्या तोंडी मौलानाच राहिले.

[पहाट. गुरांचा तळ. शेणाच्या धुरातून वर आलेली लांब शिंगं.]

बोर. पांढऱ्या नाईलचा पूर्व काठ. १९३३ साली आलियर याच मुलखात जन्मले. इथं माणसाची ओळख त्याच्या गुरांवरून. शेणाची धुनी पेटवायची, तिचा धूर डासांना लांब ठेवतो. राख अंगाला फासायची, गुरांच्याही अंगाला. पावसाळ्यात नदी पसरते, माणसं उंचावर जातात. पाणी ओसरलं की खालच्या कुरणांत कोवळं गवत येतं. त्या कुरणांना दिंका तोइच म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात गुरं जगतात ती याच्या जिवावर.

इथल्या पांढऱ्या नाईलचं जवळपास अर्धं पाणी या सड नावाच्या दलदलीत पसरून वाफ होऊन जातं. कैरोच्या अभियंत्यांच्या वहीत ते वाया गेलेलं पाणी. इथल्या माणसाला विचारलं तर उत्तर वेगळं मिळेल. हे ध्यानात ठेवा, कारण कालव्याचा सगळा तंटा यातूनच निघाला.

रुंबेकची शाळा, खार्तूम विद्यापीठात कायदा, अमेरिकेत येल. मग न्यायासन. एल ओबेद, वाद मेदानी, खार्तूम, सगळी उत्तरेतली शहरं. दक्षिणेत १९५५ च्या तोरीतच्या बंडापासून खार्तूमच्या सरकारविरुद्ध युद्ध पेटलेलं, आणि दक्षिणेचा हा तरुण उत्तरेच्या कोर्टात बसून उत्तरेचे दावे ऐकतोय. १९६५ मध्ये खार्तूमला दोन्ही बाजूंची गोलमेज परिषद भरली, तेव्हा आलियर न्यायाधीशपद सोडून त्यात उतरले. परिषदेतून हाती फारसं लागलं नाही. आलियर मात्र राजकारणात राहिले ते राहिलेच.

१९६९ मध्ये कर्नल निमेरींनी सत्ता घेतली. दक्षिणेचं खातं त्यांनी जोसेफ गरांग या कम्युनिस्ट वकिलाकडे दिलं. दोन वर्षांनी कम्युनिस्टांचा उठाव फसला, गरांग फासावर गेले, आणि ते खातं आलियर यांच्याकडे आलं. अशी खुर्ची घेताना माणसाच्या मनात काय चाललं असेल, कोण जाणे.

[आदिस अबाबा. जुनी कृष्णधवल छायाचित्रं : टेबल, कागद, चष्मे.]

फेब्रुवारी १९७२. या छायाचित्रांपाशी थोडं थांबू या.

एका बाजूला बंडखोरांचे प्रतिनिधी, एझ्बोनी मोंदिरी त्यांचे प्रमुख. जंगलातली फौज जोसेफ लागूंच्या हाताखाली. दुसऱ्या बाजूला खार्तूम सरकारचं शिष्टमंडळ, आणि त्याच्या अग्रभागी आलियर. म्हणजे दक्षिणेशी बोलायला उत्तरेनं दक्षिणेचाच माणूस पाठवलेला. मध्यस्थ जागतिक आणि आफ्रिकी चर्च परिषदा. बैठक चालवायला लायबेरियाचे पाद्री बर्जेस कार.

वाद कलमाकलमावर होता. दक्षिणेला संघराज्य हवं होतं, सरकारला एकच सुदान. तोडगा निघाला तो स्वायत्त प्रदेशाचा : दक्षिणेचे तिन्ही प्रांत मिळून एक विधानसभा, एक कार्यकारी मंडळ. राजभाषा अरबी, पण दक्षिणेच्या कारभारात इंग्रजी. गाडी अडली सैन्यापाशी. बंडखोरांना स्वतःची फौज हवी होती, सरकार ऐकेना. शेवटी इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी मध्ये पडले. दक्षिणेत बारा हजार सैनिक, सहा हजार दक्षिणेचे, सहा हजार उत्तरेचे. २७ फेब्रुवारीला मसुद्यावर सह्या झाल्या, महिन्याभरानं शिक्कामोर्तब झालं.

सतरा वर्षांचं युद्ध टेबलावर संपलं. बंदुकीनं संपलेल्या युद्धांवर ग्रंथ निघतात. अशा टेबलाच्या वाट्याला दोन-चार छायाचित्रं येतात, ती तुम्ही आत्ताच पाहिली.

[जुबा, दक्षिणेची राजधानी. नदीवरचा धक्का, बोटी, सामान उतरवणारी माणसं.]

आलियर देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होतेच, आता दक्षिणेच्या कार्यकारी मंडळाचेही अध्यक्ष झाले. निर्वासित परतू लागले, शाळा उघडल्या, जंगलातले लढवय्ये सरकारी सैन्यात आले. त्यातच जॉन गरांग नावाचा एक तरुण अधिकारी होता.

आणि मग जोंगलेई कालवा. सडला वळसा घालून बोरपासून सोबत नदीच्या मुखापर्यंत ३६० किलोमीटर. वाचलेलं पाणी इजिप्त आणि सुदान निम्मं निम्मं वाटून घेणार. १९७४ मध्ये बातमी फुटली, त्याबरोबर अफवाही उठली की कालव्याकाठी वीस लाख इजिप्शियन शेतकरी वसवणार. जुबात दंगल झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. प्रादेशिक विधानसभेत आलियर उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या माणसांना काठीनं हाकून स्वर्गात न्यावं लागलं तरी नेऊ, त्यांच्या भल्यासाठी आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या भल्यासाठी.

काठीनं हाकून! गुराख्यांच्या मुलखातला माणूस हे बोलला. रस्ते येतील, दवाखाने येतील, दुष्काळ-पूर हटेल, असा त्यांचा हिशोब होता, आणि तो खोटा होता असं म्हणवत नाही. पण कोर्टात ज्यांनी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल दिला नसता, त्यांनी इथं तोइचची बाजू पुरती ऐकली नाही.

[हवाई दृश्य : सरळ रेघेसारखा कोरडा चर. कडेला हरणांचा कळप.]

१९७८ मध्ये फ्रेंच कंपनीनं सोबत नदीच्या टोकापासून खणायला सुरुवात केली. सारा रात्रंदिवस चालली. उभ्या काठांच्या या चरात गुरं आणि हरणं पडतात, ती वर येत नाहीत. ३६० पैकी सुमारे दोन-तृतीयांश कालवा झाला.

तोवर बेंतियूजवळ तेल सापडलं होतं, आणि दक्षिणेची सीमा नव्यानं आखायची टूम खार्तूममध्ये निघाली होती. आलियर यांच्यावर खुद्द दक्षिणेत आरोप होता की सगळा कारभार दिंकांच्या हातात गेलाय. लागूंना दक्षिणेचे तुकडे हवे होते. निमेरींना एवढी फट पुरली. १९८१ मध्ये त्यांनी आलियर यांचं सरकार बरखास्त केलं, १९८३ च्या जूनमध्ये दक्षिण तीन भागांत वाटली, सप्टेंबरात शरिया लागू केला. करार म्हणजे कुराण किंवा बायबल नव्हे, असं निमेरींच्या तोंडचं वाक्य नोंदलं गेलंय.

बोरच्या छावणीत १९८३ च्या मे महिन्यातच बंड झालं होतं. त्या बंडाचा पुढे नेता झाला जॉन गरांग, अमेरिकेतून याच जोंगलेई प्रकल्पावर डॉक्टरेट करून आलेला. त्याच्या फौजेनं कालव्याच्या तळावर हल्ले केले आणि १९८४ मध्ये सारा थांबली. युद्ध २००५ पर्यंत चाललं. सुमारे वीस लाख माणसं गेली.

[मतदान केंद्र. रांगा. बोटावरची शाई.]

२००५ च्या करारात दक्षिणेला स्वतःचं सैन्य मिळालं आणि सहा वर्षांनी सार्वमत. १९७२ ला हैले सेलासींना मध्ये घालून जो मुद्दा बुजवला होता, तो या वेळी आधी मान्य करावा लागला.

त्याआधी देशभर निवडणूक घ्यायची होती. आयोगाच्या अध्यक्षपदी दोन्ही बाजूंना चालेल असं नाव निघालं मौलाना आलियर यांचं. १९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक घ्यायला भारतातून सुकुमार सेन गेले होते. एप्रिल २०१० मध्ये ते काम सत्तरी ओलांडलेल्या आलियर यांनी केलं. बड्या विरोधकांनी माघार घेतली, परदेशी निरीक्षकांनी नावं ठेवली, राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर पुन्हा निवडून आले. जानेवारी २०११ मध्ये सार्वमत झालं. ९८.८३ टक्के मतं वेगळं होण्याच्या बाजूनं पडली, आणि ज्या एकसंध सुदानसाठी आलियर आदिस अबाबात टेबलाच्या त्या बाजूला बसले होते, त्याचे ९ जुलैला दोन देश झाले.