लाजाळू नायिका: हिरो खोलीत नसताना ती बोलते का?

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, कूलर बंद केलाय. मागच्या व्हिडिओखाली पुस्तकाबद्दल कमी आणि आवाजाबद्दल जास्त लिहून आलं. 'ताई, मागे पिठाची गिरणी आहे का?' गिरणी नाही हो, कूलर. भुसावळ आहे, मे महिना आहे. तर आज मी बोलता बोलता पदराने तोंड पुसलं तर ताई भावुक झाल्या असं समजू नका.

विषय तुमचाच आहे. आखाजी (म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया) झाल्यापासून एकच मागणी सुरू आहे: 'लाजाळू मुलगी प्रेमात पडते आणि तिला कॉन्फिडन्स येतो, अशी कादंबरी सुचवा.' एकीने पुढे लिहिलं होतं, 'हिरोईन माझ्यासारखी पाहिजे, पण शेवट माझ्यासारखा नको.' वाचून हसले, आणि मग दोन दिवस तेच डोक्यात.

प्राथमिक माहिती पटकन उरकते, तुम्हाला ठाऊक असणारच. रोमान्स कादंबरी म्हणजे प्रेमकथा मध्यभागी आणि शेवट समाधानाचा, आशेचा. दोन्ही हवं. शेवटी कोणी मेलं की ती प्रेमकहाणी असेल, रोमान्स नाही. मिल्स अँड बून हे प्रकाशन १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालं तेव्हा सगळंच छापायचं, नुसत्या रोमान्सकडे ते नंतर वळलं. १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ते विकत घेतलं. हल्लीच्या पुस्तकांत दोघांची प्रकरणं आलटून पालटून असतात, पाऊण पुस्तकाला भांडण होतं, मग मिटतं. झालं.

आता मला जे बोलायचंय ते.

मागच्या कव्हरवर इंग्रजीत एकच शब्द छापतात: शाय. आपल्याकडे बघा किती आहेत. लाजाळू. बुजरी. भिडस्त. मुखदुर्बळ. अबोल. हे पाच शब्द म्हणजे पाच वेगळ्या मुली. बुजरी नव्या माणसाला घाबरते, ओळख झाली की खुलते. भिडस्तेला माणसांची भीती नसते, तिला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून तिच्या डब्यातली पोळी रोज दुसरीच खाते. मुखदुर्बळ मुलीला सगळं कळतं, उत्तर पाठ असतं, आणि ऐन वेळी जीभ टाळ्याला चिकटते. आणि अबोल? तिला काहीच झालेलं नाही. ती कमी बोलते एवढंच. तिला 'बरं' करायला निघालेला हिरो मला डोळ्यांसमोर नको.

म्हणून तुम्ही 'लाजाळू हिरोईन' म्हणता तेव्हा मी विचारते, कोणती? भिडस्त मुलीची गोष्ट पूर्ण व्हायला एक 'नाही' लागतं. मुखदुर्बळ मुलीला चारचौघांत एक वाक्य लागतं. अबोल मुलीला फक्त असा माणूस लागतो, जो 'तू गप्प का?' असं विचारत नाही. लेखिकेला हे कळलेलं नसेल तर तीनशे पानांनी नायिका पार्टीत नाचते, आणि आपण म्हणायचं, वा, आत्मविश्वास!

(पाणी पिते.) उकडतंय.

हां, तर मुद्दा. माझी एकच कसोटी आहे. हिरो खोलीत नसताना ती बोलते का?

पुन्हा सांगते, कारण मागे एकदा हे म्हटलं तर एका दादांनी लिहिलं, 'म्हणजे तुमचा प्रेमाला विरोध आहे.' विरोध कशाला असेल? मी महिन्याला आठ रोमान्स वाचते. मी एवढंच म्हणते की हिरो शेजारी उभा आहे, त्याचा हात पाठीवर आहे, आणि तिने तिच्या खडूस बॉसला सुनावलं, तर तो पराक्रम अर्धा त्याचा. तो गावाला गेलाय, त्याचा फोन लागत नाही, तेव्हा ती काय करते ते मला दाखवा.

जुनं उदाहरण देते. जेन ऑस्टिनचं 'मॅन्सफिल्ड पार्क', १८१४ सालचं. फॅनी प्राइस ही गरीब नातेवाइकांची मुलगी, श्रीमंत काकांच्या घरी आश्रित. दार वाजलं तरी दचकणारी. तिला एका पैसेवाल्या माणसाचं स्थळ येतं. ती नको म्हणते. काका तिला कृतघ्न ठरवतात. इथपर्यंत ठीक. पण तिच्या मनात जो आहे, तो एडमंड, तोसुद्धा तिला समजावतो की हो म्हण, चांगला मुलगा आहे! म्हणजे इथे हिरो नुसता खोलीबाहेर नाही, समोरच्या पार्टीला जाऊन बसलाय. आणि ही बुजरी, भिडस्त, सतत दमणारी पोरगी 'नाही'वरून हलत नाही. दोनशे वर्षं लोक तक्रार करतात की फॅनी मिळमिळीत आहे. मिळमिळीत? आपल्याकडे एखाद्या भाचीने मामाच्या घरात राहून मामाने आणलेलं स्थळ नाकारून दाखवावं, मग बोला.

याच्या उलट 'रिबेका', १९३८. नायिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, इतकी ती पुसट. नवऱ्याच्या मोठ्या घरात तिच्या हातून चिनी मातीची एक छोटी मूर्ती फुटते, आणि ती मालकीण असून तुकडे ड्रॉवरच्या मागच्या बाजूला लपवते. काय प्रसंग आहे! पुढे ती घरातल्या नोकरांना हुकूम सोडू लागते, पण कधी? नवरा जेव्हा सांगतो की पहिल्या बायकोवर माझं प्रेम नव्हतं, तेव्हा. म्हणजे कणा आला तो त्याच्या एका वाक्यातून. पुस्तक थोर आहे, तीनदा वाचलंय, पण माझ्या कसोटीत नापास. आणि कृपया 'स्पॉयलर दिला' म्हणू नका, पुस्तक माझ्या आजीच्या वयाचं आहे.

आता घरचं सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही जळगावला सोनं घ्यायला गेलो. जळगावला लोक लांबलांबून सोन्याला येतात, तुम्हाला माहीतच आहे. दुकानात गर्दी. मला दाखवलेल्या पाटल्या आवडल्या नाहीत, पण सांगणार कसं? त्या माणसाने एवढी खोकी उघडली होती. आमच्या ह्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, 'हिला नाजूक काम आवडतं, दुसरं दाखवा.' मला काय भारी वाटलं! अगदी कादंबरीतला हिरो. पाटल्याही मनासारख्या मिळाल्या. पण घरी येताना गाडीत लक्षात आलं, तासभर दुकानात होते आणि मी एक शब्द बोलले नव्हते.

पुढची गोष्ट दोन वर्षांनंतरची. हे रेल्वेत, ड्युटीवर. भावाचं लग्न चार दिवसांवर आणि शिंप्याने ब्लाउज बिघडवलेलं. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओढत होतं, हात वर करता येईना. एरवी मी घरी येऊन रडले असते आणि लग्नात शाल पांघरून फिरले असते. भर मे महिन्यात. त्या दिवशी दुकानातच अंगावर धरून बघितलं. शिंपी म्हणाला, 'ताई, आता अशीच फॅशन आहे.' दोन बायका बसलेल्या, दोघी माझ्याकडे बघताहेत. मी म्हणाले, 'फॅशन राहू द्या. मुंढा उसवा.' आवाज चिरकला, शेवटचं अक्षर तर निघालंच नाही, तोंडातच राहिलं. त्याने चष्म्यावरून बघितलं, काही न बोलता ब्लेड घेतलं आणि टाका उसवला. आत बोटभर माया निघाली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात.) दहा मिनिटांत काम झालं.

मला कादंबरीत पाटल्या नकोत, मला तो मुंढा हवाय. चिरकलेल्या आवाजासकट.

लिहिणाऱ्या मुली पण आपल्याकडे बऱ्याच आहेत, प्रतिलिपी ॲपवर तुमच्या मालिका चालू असतात, त्यांच्यासाठी तेच तिसऱ्या बाजूने सांगते. तुमच्या कथेतले हिरो असलेले सगळे प्रसंग बाजूला काढा. उरलेले नुसते वाचा. त्यांत पहिल्या भागातली नायिका आणि शेवटच्या भागातली नायिका वेगळ्या दिसतात का? तिच्या आईशी, रूममेटशी, रिक्षावाल्याशी ती वेगळी वागते का? नसेल तर ती बदललेली नाही, फक्त तिला गाडीतून फिरवून आणलंय.

रूममेटवरून आठवलं. २०१३ चं 'फॅनगर्ल' आहे, रेनबो रॉवेलचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली कॅथ जेवणाच्या हॉलमध्येच जात नाही. हॉल कुठे आहे, रांग कशी लावतात, कोणाला विचारायचं, या भीतीने खोलीतच खाऊच्या वड्यांवर दिवस काढते. तिला ओढून जेवायला नेते ती रूममेट, हिरो नाही. ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. कारण पुण्याला होस्टेलवर पहिला आठवडा मी घरून नेलेल्या शेवेवर आणि मुरमुऱ्यांवर काढला होता. मेसचं कुपन कुठे मिळतं हे विचारायचं होतं, एवढंच. पण पहिल्याच दिवशी मी 'मी जेवून राहिले' म्हटलं (आमच्याकडे 'जेवतेय'ला असंच म्हणतात) आणि चार मुली हसल्या. वाईट नव्हत्या हो त्या, पण हसल्या. झालं, तोंड बंद.

आणि मी गावात अशी नव्हते! आखाजीला निंबाच्या झोक्यावर उभी राहून माझ्याइतकं मोठ्याने गाणारी गल्लीत कोणी नव्हती. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी बघा. सासरी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई झोक्यावर काय काय गाते, ते ऐका. मग ती लाजाळू की नाही? सांगा तुम्हीच. म्हणून जी कादंबरी नायिकेला जन्मजात लाजाळू ठरवून मोकळी होते, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. कुठे गप्प झाली, कोण हसलं, ते सांगा.

एक काका दर व्हिडिओखाली लिहितात, 'बहिणाबाईंच्या खानदेशात राहून इंग्रजी प्रेमकथा कशाला?' काका, बहिणाबाई पण आहेत उशाला. त्या १९५१ ला गेल्या आणि पुस्तक १९५२ ला आलं. जी बाई जन्मभर जात्यावर, शेतात गात होती, तिचं गाणं बाहेर पोचायला एवढा वेळ लागला, ते मुलाने लिहून ठेवलं म्हणून पोचलं. बाईचा आवाज कुठे अडतो हाच तर आजचा विषय आहे. तेव्हा रागवू नका.

आणि ते चष्मा काढणं! ते नाही बोलले तर झोप लागणार नाही. नायिका चष्मा काढते, केस मोकळे सोडते, आणि सगळं ऑफिस आ वासतं. अहो, माझा नंबर साडेचार आहे. चष्मा काढला तर मला आत्मविश्वास येणार नाही, मी दाराच्या चौकटीला धडकेन.

मग प्रेमाचं काम काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते चांगला हिरो एकच गोष्ट करतो: तिचं अर्धं राहिलेलं वाक्य तो पूर्ण करत नाही. थांबतो. हे लिहायला फार अवघड आहे, कारण पानावर थांबणं दिसत नाही. आमचे हे पूर्ण करतात. प्रेमानेच करतात, आणि दहापैकी सात वेळा चुकीचं करतात.

हेलन होआंगचं 'द किस क्वोशंट', २०१८, यात हे नीट जमलंय. नायिका स्टेला आकडेमोडीत हुशार, कामात कुठेच कमी नाही, अडतं ते जवळिकीपाशी. ती ऑटिस्टिक आहे, आणि लेखिकेलाही मोठेपणी तेच निदान झालेलं आहे, त्यामुळे तिचं अडखळणं दयेने लिहिलेलं नाही. ती पैसे देऊन एक माणूस शिकवायला ठेवते, तिथून पुढे. पुस्तक मोठ्यांचं आहे, बैठकीच्या खोलीत मोठ्याने वाचू नका. मी 'फॅनगर्ल'पासून सुरुवात करा म्हणेन, भाषा सोपी आहे.

जिने 'शेवट माझ्यासारखा नको' लिहिलं होतं, तिला मी कमेंटमध्ये विचारलं, तू या पाचांतली कोणती? दोन दिवस उत्तर नाही. काल रात्री आलं: 'भिडस्त. आणि ताई, तुमचा कूलरचा आवाज मला आवडतो, बंद करू नका.'

आधी सांगायचं ना ग बाई. चला, लावते.