घर मोडले म्हणून नव्हे

मित्रहो, एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर चोरीचा किंवा मारामारीचा गुन्हा दाखल झाला की आजूबाजूची माणसे हटकून म्हणतात, ‘घरात बाप नाही ना, मग दुसरे काय होणार!’ एकट्या आईवर हा ठपका इतक्या सहजपणे ठेवला जातो, की त्याची शहानिशा करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. आज ती करावी, असे मला वाटते.

दक्षिण लंडनमधील एका कामगार वस्तीत १९६१ साली गुन्हेगारीचे अभ्यासक डोनाल्ड वेस्ट यांनी आठ-नऊ वर्षांच्या ४११ मुलग्यांचा अभ्यास सुरू केला. पुढे डेव्हिड फॅरिंग्टन यांनी तो हाती घेतला आणि ही मुले चाळिशी ओलांडून गेली तरी त्यांचा मागोवा सोडला नाही. आईवडील एका छपराखाली राहत होते, पण सतत भांडत होते, अशा घरांतील मुलांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण मोडलेल्या घरांतील मुलांइतकेच आढळले. याउलट, घर मोडल्यावर जी मुले आईपाशी राहिली, त्यांच्यातील प्रमाण गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या घरांतील मुलांएवढेच होते. ‘मुलांसाठी म्हणून’ रोजची धुसफूस सोसत राहिलेल्या अनेक जोडप्यांनी हा निष्कर्ष शांतपणे वाचावा.

मुलगा कुठे आणि कोणाबरोबर असतो याकडे नसलेले लक्ष, आणि कधी बेदम मार तर कधी सरळ काणाडोळा अशी लहरी शिस्त, ही या अभ्यासात पुढच्या गुन्हेगारीची ठळक पूर्वचिन्हे ठरली. गरिबीही त्यात होतीच आणि तिचा दोष आईबापांच्या माथी मारता येत नाही. शिवाय अशाच घरांत वाढलेली कितीतरी मुले पोलिसांच्या दप्तरी कधीच गेली नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

लहरी शिस्त मुलाला नेमके काय शिकवते, हे अमेरिकेतील ओरेगॉन येथे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरी निरीक्षक बसवून टिपले. आपल्याकडचा प्रसंग घेऊ. सहा वर्षांचा मुलगा जेवताना मोबाइल मागतो. आई नाही म्हणते. तो ताट ढकलतो, वरण सांडते, रडणे वाढते. दिवसभर कामाने शिणलेली आई शेवटी मोबाइल त्याच्या हातात देते आणि रडणे तत्क्षणी थांबते. आवाज चढवला की मिळते, हे मुलगा शिकला. दिले की घर शांत होते, हे आई शिकली. तासाभराने वडील येतात, तोच मोबाइल पाहून थोबाडीत मारतात आणि मुलाला कळते की मनाई वस्तूला नसून समोरच्या माणसाच्या मनःस्थितीला आहे. पॅटरसन यांच्या मते हीच रीत घेऊन मूल शाळेत जाते, तिथे शिक्षकांना आणि सवंगड्यांना नकोसे होते आणि मग त्याच्यासारख्याच दुरावलेल्या मुलांच्या टोळक्यात जाऊन मिसळते. हे सारे एका दिवसात घडत नाही, म्हणूनच ते घरातल्यांच्या नजरेस येत नाही.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात या घराकडे पाहण्याची सोय आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला, बाल न्याय मंडळासमोर प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल सादर व्हावा लागतो आणि सामान्यतः परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तो तयार करतात. या अहवालात ‘वडील नाहीत, आई धुणीभांडी करते’ एवढे लिहून कुटुंबाचा रकाना भरला, तर मंडळाला त्या मुलाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. अधिकाऱ्यांनी त्या माउलीजवळ दोन घटका बसावे आणि विचारावे, की मुलगा रात्री किती वाजता घरी येतो, त्याला उशीर झाला तर ते कोणाच्या ध्यानात येते, आणि ती कामावर असताना शेजारच्या कोणत्या काकू किंवा आजी त्याला हाक मारून जेवायला बोलावतात.