काशीनरेशांचा आड

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडला जाणारी आपली माणसं लंडन बघतात आणि खेडं बघायचं म्हटलं की बायबरी गाठतात. तिथली आर्लिंग्टन रोची दगडी घरं सुरेखच आहेत. चौदाव्या शतकातलं लोकरीचं कोठार, सतराव्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडं झाली. पण त्या घरांमध्ये आजही माणसं राहतात हो! त्यांच्या खिडकीला नाक लावून फोटो काढणं मला मुळीच पटत नाही. पाहुण्याने उंबऱ्याबाहेर थांबावं.

तर मी तुम्हाला नेणार आहे स्टोक रो या गावी. ऑक्सफर्डशायरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांवर, हेन्लीपासून पाचेक मैलांवर. गाव लहान. आणि रस्त्याच्या कडेला, काय दिसावं? लोखंडी खांबांवर उभा एक घुमट, आणि त्याखाली सोनेरी हत्ती! खाली आड. मी विहीर म्हणत नाही, आड म्हणते, कारण रुंदी जेमतेम ४ फूट. आणि खोली? ३६८ फूट. पुन्हा सांगते, तीनशे अडुसष्ट फूट. कुतुबमिनाराच्या उंचीएवढं खाली उतरलात, तरी सव्वाशे फूट बाकी राहतात. आणि हा आड माणसांनी हाताने खणलाय.

एवढं खोल का जावं लागलं? टेकडी खडूच्या दगडाची. पडलेलं पाणी झिरपून थेट खाली जातं. लोक डबक्यांतलं, पागोळ्यांचं पाणी साठवून वापरायचे.

आता गोष्ट ऐका. याच भागातले एडवर्ड अँडर्डन रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. १८३१ साली आझमगडला त्यांनी लोकांसाठी विहीर खणवली. पुढे काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांशी बोलता बोलता त्यांनी आपल्या गावाकडची हकिकत सांगितली. एका पोराने घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं, म्हणून आईने त्याला मारलं. तहानलेलं पोर पाणी प्यायलं, म्हणून मार! महाराजांच्या मनात ते राहिलं. पुढे दानधर्म करायची वेळ आली तेव्हा त्यांना आझमगडची विहीर आठवली आणि ते पोरही आठवलं. त्यांनी पैसे दिले. १८६३ साली काम सुरू झालं, २४ मे १८६४ रोजी आड गावासाठी खुला झाला. पाणी फुकट. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली. दान देताना पुढच्या खर्चाची सोय करणारा दाता मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे पाणपोईचं उद्घाटन होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात माठ रिकामा.

मी तिथे गेले तेव्हा त्या रहाटाच्या चाकाशी बराच वेळ उभी राहिले. आडावरून पाणी शेंदणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, खांदे किती भरून येतात ते. इथे तर दोर ३६८ फुटांचा! गावाने जवळजवळ सत्तर वर्षं हेच पाणी वापरलं.

जाल तेव्हा शक्यतो पायी जा. शेताशेतांतून सार्वजनिक पायवाटा आहेत, त्यांवरून चालायचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. फाटक उघडलंत तर मात्र मागे लावून घ्या, आत मेंढ्या असतात.

१९६४ साली आडाला शंभर वर्षं झाली. राणीचे पती प्रिन्स फिलिप समारंभाला आले होते. त्या दिवशी काशीच्या गंगेचं पाणी आणून या आडात ओतलं.