उंदीर, वात आणि कॉम्रेड पानसरे

कोल्हापूर. घराघरात महाराजांचा फोटो, गल्लीगल्लीत तालीम आणि मंडळ. याच गावातल्या एका कम्युनिस्ट वकिलानं लोकांसमोर प्रश्न टाकला : शिवाजी कोण होता?

गोविंद पानसरे. जन्म १९३३ चा, नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचा. शिकायला कोल्हापुरात आले. पेपर विकले, नगरपालिकेत शिपाई झाले, शिक्षक झाले, मग वकिली. लाल बावट्याचे आणि कष्टकऱ्यांचे वकील.

प्रश्न आधी भाषणातून आला, मग १९८८ साली त्याच नावाची पुस्तिका निघाली. एका बैठकीत वाचून होते. लाखाहून जास्त प्रती खपल्या.

राजा म्हटला की सरंजामशाही आली, आपलं त्याच्याशी काय देणंघेणं, असं म्हणणारे डाव्यांतही होते. पानसरेंनी ते ऐकलं नाही, आणि आम्हाला वाटतं, तिथंच त्यांचं खरं मोठेपण आहे. ज्याच्यावर लोकांचा जीव आहे, त्याला बाजूला सारून लोकांशी बोलता येत नाही. म्हणून त्यांनी महाराजांपासूनच सुरुवात केली. महाराज श्रद्धाळू हिंदू होते, हे त्यांनी लपवलं नाही. पण लढाई धर्माधर्मांची असती, तर औरंगजेबाकडून मिर्झाराजे जयसिंग का चालून आले? महाराजांच्या आरमारात दौलतखान कसा?

आणि सगळा भर रयतेवर. रयतेचा राजा म्हणजे काय, ते एका पत्रात दिसतं.

१६७३ चा मे महिना. चिपळूणजवळ तळ दिलेल्या आपल्याच लष्कराला महाराजांचं पत्र जातं. दाणागोटा आत्ताच उधळून टाकाल, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुमच्यातला कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढं तर अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखी ताकीद आहे : रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल.

गवताची गंजी जळेल, याची काळजी करणारा राजा! पानसरे विचारत होते ते हेच, की हा राजा कुणाच्या बाजूचा?

जात, धर्म, अंधश्रद्धा, आंतरजातीय लग्नं, कोल्हापूरचा टोल. ज्या विषयाला लोक हात लावायला कचरत, तिथं हा माणूस उभा राहायचा. तरणाताठा मुलगा अविनाश गेला, तर त्याच्या नावानं व्याख्यानमाला सुरू झाली. दुःखातही माणसं एकत्र बसून ऐकतील, बोलतील, याचीच सोय.

१६ फेब्रुवारी २०१५. सकाळी फिरून येताना, सागरमाळ भागात घराजवळ, पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला मुंबईत उपचार सुरू असताना पानसरे गेले. उमाताई वाचल्या. दीड वर्षापूर्वी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचाही सकाळी फिरतानाच खून झाला होता. पुस्तिकेतला एकही मुद्दा गोळीनं खोडून निघाला नाही.

कोल्हापूरकरांनी मग सकाळचं फिरणंच हाती घेतलं. दर महिन्याच्या २० तारखेला 'निर्भय मॉर्निंग वॉक'. म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, पायांत चपला, हातात फलक. त्याच शहरात, त्याच वेळेला, घोषणा देत.

'आम्ही सारे पानसरे.'