कमी लाडाचा गुलाब

पानावर काळा ठिपका, भोवती पिवळेपणा आणि पाठोपाठ पानगळ. ही डिप्लोकार्पॉन रोझे नावाची बुरशी. पान सलग सातेक तास ओले राहिले, की ती आत शिरते. यावर बहुतेकजण फवारणीचा पंप उचलतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या विल्यम रॅडलर यांनी उलटे केले. रोगट पाने वाळवून त्यांची पूड त्यांनी मुद्दाम रोपांवर टाकली, वरून तुषारांनी पाने भिजवली आणि तगली तीच रोपे पुढे वाढवली. त्यांचा 'नॉक आउट' हा झुडपी गुलाब २००० साली बाजारात आला.

जात काटक असली, तरी सावलीला उपाय नाही. रोज सहा तास थेट ऊन हवेच. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गड्ड्याएवढीच. लावण्याआधी तो पाण्याने भरून बघा. चार तासांनीही पाणी तुंबलेले असेल, तर जागा बदला किंवा उंच वाफा करा. दोन रोपांत सव्वा मीटर सोडा. सुरुवातीला ओकेबोके दिसेल. पण दाटीत पाने वाळत नाहीत, आणि ठिपक्यांना तेच हवे असते.

पाणी बुंध्याशी, सावकाश, खोलवर. पाच ते आठ सेंटीमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला, खोडाला टेकू देऊ नका. नत्र जास्त झाले, की लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा ही रस शोषणारी कीड.

आता छाटणी. वारंवार फुलणाऱ्या जातींची, नवी फूट येण्याच्या तोंडावर, एक तृतीयांश उंची कमी करा. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जाती जुन्या काडीवर फुलतात. त्यांना बहर संपल्यावरच कात्री लावा, नाहीतर कळ्याच कापल्या जातील. डोळा भरून केलेल्या कलमाच्या जोडाखाली कोंब फुटतो का, ते बघा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर कलम केले त्याचा असतो. वरून कापला तर पुन्हा येतो. माती बाजूला करून मुळाशीच ओढून काढा. स्वतःच्या मुळांवर वाढवलेल्या रोपात ही कटकट नाही.

सुरकुतलेल्या पानांच्या रुगोसा गुलाबावर मात्र औषध फवारूच नका, पाने करपतात. चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

उत्तर अमेरिकेत 'नॉक आउट'लाही न सोडणारा एक विषाणू आहे, रोझ रोझेट. तो कोळी नावाच्या सूक्ष्म किडींमार्फत पसरतो. लालसर झाडूसारखी फूट, भरमसाट मऊ काटे, ही त्याची खूण. त्यावर औषध नाही. झुडूप मुळासकट उपटा आणि तिथल्या तिथे पिशवीत बंद करा.